औषध सापडलं, पत्ता सापडेना : कूर्चा, दाह आणि वृद्धिघटकांचा इतिहास

आजचा विषय प्रत्येकाच्या घरात आहे. कुणाच्या आईच्या, कुणाच्या आजोबांच्या, तर कुणाच्या स्वतःच्या गुडघ्यात.

‘गुडघ्याची गादी झिजली’, ‘वंगण संपलं’ हे शब्द आपण दवाखान्यात ऐकतो आणि तसेच घरी घेऊन येतो. त्यातून असं वाटतं की गुडघा म्हणजे सायकलचं बेअरिंग. वापरलं, झिजलं, आता बदला. गेल्या साठ-सत्तर वर्षांच्या संशोधनाने हे चित्र बरंच बदललं आहे. झिजेच्या संधिवातात, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, झीज नुसत्या घासण्याने होत नाही. कूर्चेतल्या जिवंत पेशी स्वतःच आपलं घर मोडायला लागतात, आणि त्यांना तसं करायला लावण्यात दाहाचा मोठा हात असतो.

हा दाह रोखू शकतील, पेशींना पुन्हा बांधकामाला लावू शकतील, असे रेणू आपल्या शरीरातच आहेत. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. बोलताना आपण ग्रोथ फॅक्टर म्हणतो. त्यातल्या एका महत्त्वाच्या घटकाची चाहूल १९५७ साली लागली होती. मग आज इतक्या वर्षांनी तो औषध म्हणून गुडघ्यात का दिला जात नाही?

आमचं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा इतिहास औषध शोधण्याचा आहेच, पण त्याहून जास्त तो औषध योग्य पेशीपर्यंत नेण्याचा आणि तिथे टिकवण्याचा आहे. औषध सापडलं, पत्ता सापडेना, अशी ही गोष्ट आहे.

रक्त नसलेली जागा

१७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने सांध्यांच्या कूर्चेवर एक निबंध सादर केला. त्यातला एक मुद्दा आजही जवळपास प्रत्येक संशोधक आठवतो : कूर्चेला इजा झाली की ती त्रासदायक ठरते, आणि एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. गंमत म्हणजे हंटर हे आपलं नवं मत म्हणून सांगत नाही. हिपोक्रॅटिसच्या काळापासून सगळे हेच मानत आले आहेत, असं तो म्हणतो.

असं का होतं? बोटाला कापलं तर काय होतं ते आठवा. रक्त येतं, गोठतं, त्या रक्ताबरोबर दुरुस्तीचा सगळा लवाजमा येतो आणि आठवड्याभरात जखम भरते. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. मज्जातंतू नाहीत, लसीकावाहिन्याही नाहीत. गुडघ्यातली कूर्चा असते जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड. तिच्या वजनाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग पाणीच असतो. पेशी फारच थोड्या, आकारमानाच्या शंभर भागांत एक-दोन भाग. बाकी सगळी पेशींनी विणलेली जाळी : कोलॅजेनचे तंतू, आणि त्यात अडकवलेले प्रोटिओग्लायकन नावाचे मोठे, ब्रशसारखे रेणू.

या ब्रशच्या केसांवर सल्फेटचे गट असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, आयनांना आणि पाण्याला धरून ठेवतात. म्हणून कूर्चा दाबली तरी पुन्हा फुगते आणि आपण जिने उतरू शकतो. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, कारण शेवटी आपल्याला याच ऋण भाराकडे परत यायचं आहे.

सेंट लुइस, १९५७ : सल्फेटचा हिशोब

आता अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात जाऊ. तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम सॅल्मन आणि विल्यम डॉहडे हे दोघे वाढीच्या संप्रेरकाचा अभ्यास करत होते. प्रश्न साधा होता. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारं हे संप्रेरक हाडं वाढवतं, पण नेमकं कसं?

त्यांनी पीयूषिका काढून टाकलेल्या उंदरांच्या बरगड्यांची कूर्चा घेतली, ती काचेच्या भांड्यात ठेवली आणि तिला किरणोत्सारी गंधक असलेलं सल्फेट दिलं. कूर्चा वाढायला लागली की नवे प्रोटिओग्लायकन बनणार, त्यासाठी सल्फेट लागणार. म्हणजे किती सल्फेट आत गेलं ते मोजलं की वाढ मोजली. अगदी वाण्याच्या वहीसारखा हिशोब.

त्या भांड्यात वाढीचं संप्रेरक थेट टाकलं, तर कूर्चेवर फारसा परिणाम झाला नाही. निरोगी उंदराच्या रक्तातलं सीरम टाकलं, तर कूर्चेने भराभर सल्फेट उचललं. पीयूषिका काढलेल्या उंदराचं सीरम निरुपयोगी ठरलं. पण त्याच प्रकारच्या उंदराला आधी संप्रेरक टोचलं आणि मग त्याचं सीरम घेतलं, तर ते काम करू लागलं! म्हणजे संप्रेरक स्वतः कूर्चेशी बोलत नव्हतं. ते शरीरात आणखी कुणाला तरी निरोप देत होतं आणि तो तिसरा रेणू कूर्चेला कामाला लावत होता. त्याला त्यांनी ‘सल्फेशन फॅक्टर’ म्हटलं.

१९७२ मध्ये त्याचं नाव सोमॅटोमेडिन झालं. १९७८ मध्ये झुरिकच्या रिंडरक्नेख्त आणि हुंबेल यांनी त्याच्या ७० अमिनो आम्लांची साखळी वाचली. तो इन्सुलिनसारखा दिसला, म्हणून त्याला इन्सुलिनसदृश वृद्धिघटक-१, म्हणजे आयजीएफ-१, असं नाव मिळालं. आज तो याच नावाने ओळखला जातो.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. आयजीएफ-१ ची पहिली ओळख कूर्चेनेच करून दिली. कूर्चेचं औषध शोधायला कुणी निघालं नव्हतं. कूर्चा होती ती फक्त मोजपट्टी म्हणून. रेणूचा आणि कूर्चेचा संबंध पहिल्या दिवसापासून माहीत होता. अडचण वेगळीच निघाली.

केंब्रिज, १९७७ : घरभेदी कोण?

वाढीची बाजू बघितली, आता मोडतोडीची बाजू बघू. केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेच्या ऑनर फेल या जवळपास चाळीस वर्षं संचालक होत्या. शरीराबाहेर ऊती जिवंत ठेवण्याच्या तंत्रातलं हे फार मोठं नाव. निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. १९७७ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर बरं का, त्यांनी सहकारी जब यांच्याबरोबर एक साधा आणि निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला.

त्यांनी डुकराच्या सांध्यातली कूर्चा आणि सांध्याचं अस्तर, म्हणजे सायनोव्हियम, एकत्र वाढवलं. अस्तर कूर्चेला चिकटून असेल तर कूर्चा विरघळायची. हे अपेक्षितच होतं. अस्तरातून विकरं येतात, ती कूर्चा खातात. पण अस्तर थोडं दूर ठेवलं तरी कूर्चा विरघळत होती. मग त्यांनी आतल्या पेशी मारून टाकलेली मृत कूर्चा दूर ठेवून पाहिली. तिला काहीच झालं नाही.

याचा अर्थ काय? दुरून येणारी गोष्ट कूर्चा खात नव्हती. ती कूर्चेतल्या जिवंत पेशींना निरोप देत होती आणि मोडतोड त्या पेशीच करत होत्या. ज्या पेशींनी घर बांधलं, त्याच आता भिंती पाडत होत्या.

१९७९ मध्ये जॉन डिंगल, जेरेमी सकलातवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्तरातून येणाऱ्या या घटकावरचं काम मांडलं. सकलातवाला हे पारशी आडनाव मुंबईकरांच्या कानाला चांगलं ओळखीचं आहे. मोडणारा, म्हणून या घटकाला ‘कॅटाबोलिन’ म्हणू लागले. १९८४ मध्ये सकलातवाला यांच्या गटाने दाखवलं की कॅटाबोलिन म्हणजे इंटरल्यूकिन-१ चंच एक रूप आहे. हा दाहाचा एक प्रमुख निरोप्या. ताप आणणारं द्रव्य म्हणून इतर प्रयोगशाळा त्याला वेगळ्या वाटेने शोधतच होत्या.

म्हणजे १९८४ पर्यंत दोन्ही बाजू हाती आल्या. एक निरोप सांगतो ‘बांधा’, तो आयजीएफ-१. दुसरा सांगतो ‘पाडा’, तो इंटरल्यूकिन-१. दोन्ही निरोप एकाच पेशीच्या दारात येतात.

मग पुढचा प्रयोग कुणालाही सुचावा असा होता : दोन्ही निरोप एकदम दिले तर पेशी कुणाचं ऐकेल? स्ट्रेंजवेजमधल्याच जेनी टायलर यांनी तो केला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. दाहाच्या निरोप्यांनी घेरलेल्या कूर्चेला आयजीएफ-१ दिला, तर प्रोटिओग्लायकनची मोडतोड कमी होते आणि नवं बांधकामही वाढतं. वृद्धिघटक दाहाचं नुकसान रोखू शकतो याचा हा स्पष्ट पुरावा होता, काचेच्या भांड्यातला.

भांडं आणि गुडघा यांतला फरक

‘काचेच्या भांड्यातला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. भांड्यात औषध ओतलं की ते तिथेच राहतं. गुडघ्यात तसं होत नाही.

पहिली अडचण वेळेची. सांध्यात सुई घालून प्रथिन सोडलं, तर अस्तरातल्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या ते काही तासांत बाहेर वाहून नेतात. कूर्चेला मात्र दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे निरोप मिळत राहावा लागतो.

दुसरी अडचण जागेची. पेशी त्या घट्ट जाळीच्या आत खोलवर बसलेल्या आहेत. रक्त तिथे जात नाही, म्हणून गोळी किंवा शिरेतलं इंजेक्शन फारसं उपयोगी नाही. आणि आयजीएफ-१ सगळ्या शरीरात भरपूर सोडावा, तर तो इन्सुलिनचा भाऊबंद. रक्तातली साखर उतरवतो.

तिसरी अडचण आजारातच दडलेली. दाह झालेल्या सांध्यात आयजीएफ-१ ला पकडून ठेवणारी बंधक प्रथिनं वाढतात आणि पेशी त्याच्या निरोपाला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. ज्या घरात निरोपाची सगळ्यात जास्त गरज, त्याच घराची कडी आतून लावलेली.

खरं म्हणजे या अडचणीची पूर्वसूचना हाडांवरच्या संशोधनातून आधीच मिळाली होती. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी खनिजं काढून टाकलेलं हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवलं, तर तिथे नवं हाड तयार झालं. त्या हाडात काहीतरी निरोप साठवलेला होता. हे काम पुढे नेणाऱ्यांत हरी रेड्डी हे मोठं नाव. दिल्ली विद्यापीठातून पीएच.डी. करून ते अमेरिकेत गेले. १९८१ मध्ये संपत आणि रेड्डी यांनी त्या हाडाच्या भुकटीतून विरघळणारा भाग वेगळा काढला. नुसता विरघळणारा भाग उंदराच्या कातडीखाली ठेवला, तर काही झालं नाही. नुसता उरलेला सांगाडा ठेवला, तरी काही झालं नाही. दोन्ही पुन्हा एकत्र करून ठेवले, आणि हाड तयार झालं!

या प्रयोगाकडे नीट बघा. वृद्धिघटक मोकळा सोडला तर वाहून जातो. कशाला तरी धरून राहिला तरच काम करतो. शरीरात तो नेहमी असाच धरलेला असतो. आपल्या आजच्या विषयाचं सार या प्रयोगात १९८१ सालीच होतं. सांध्याच्या औषधांत ते उतरायला मात्र पुढची तीसेक वर्षं गेली.

चुकीच्या दारात टाकलेली पत्रं

दरम्यान दुसरे वृद्धिघटक पुढे आले आणि एक वेगळाच धडा मिळाला. टीजीएफ-बीटा हा कूर्चापेशींना बांधकामाला लावणारा जोरदार घटक. १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथे व्हॅन ब्यूनिंगेन, व्हॅन डेन बर्ग आणि सहकाऱ्यांनी तो उंदरांच्या गुडघ्यात टोचला. कूर्चेत प्रोटिओग्लायकन वाढले. पण सांध्याच्या कडेला हाडाचे काटेही फुटले. एक्स-रे बघून डॉक्टर ‘हाड वाढलंय’ म्हणतात ना, तेच. घटक चांगला की वाईट हा प्रश्न इथे अपुरा पडतो. कूर्चेतल्या पेशीला जो निरोप हितकर, तोच शेजारच्या कडेवरच्या पेशींनी ऐकला की त्या काटा बांधायला घेतात. पत्र तेच, दार चुकलं.

मज्जातंतूंचा वृद्धिघटक, एनजीएफ, याची गोष्ट तर आणखी उलटी. त्यावरचं मूळ काम सेंट लुइसच्या त्याच वॉशिंग्टन विद्यापीठात रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी १९५० च्या दशकात केलं. १९८६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पुढे कळलं की दुखऱ्या सांध्यात हाच घटक वेदना वाढवतो. म्हणून त्याला अडवणारी प्रतिपिंडं बनवली गेली. दुखणं खरोखर कमी झालं. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने खराब झाले. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने चाचण्या थांबवल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि अखेर २०२१ मध्ये टॅनेझुमॅब या औषधाविरुद्ध सल्लागारांनी १९ विरुद्ध १ असं मत दिल्यावर कंपन्यांनी ते सोडून दिलं. वृद्धिघटक म्हणजे सरसकट मित्र, किंवा सरसकट शत्रू, असं समजण्याची किंमत ही अशी मोजावी लागली.

पोस्टमन बदलून बघू

इंजेक्शन काही तासांत वाहून जातं, तर सांध्यातच औषधाचा कारखाना उघडावा. ही कल्पना धाडसी होती. ख्रिस्तोफर इव्हान्स, पॉल रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पिट्सबर्गला माणसाच्या सांध्यात पहिल्यांदा जनुक सोडलं. आजार संधिवाताचाच, पण रुमॅटॉइड प्रकारचा. नऊ महिलांच्या सांध्यांतल्या पेशी काढून त्यांत इंटरल्यूकिन-१ ला अडवणाऱ्या प्रथिनाचं जनुक घातलं आणि त्या बोटांच्या सांध्यांत सोडल्या. ते सांधे तसेही शस्त्रक्रियेने बदलायचेच होते, त्यामुळे आठवड्याभराने ते काढल्यावर तपासता आले. जनुक तिथे काम करत होतं. अशी सावध, प्रामाणिक आखणी विज्ञानाच्या इतिहासात जपून ठेवावी अशी आहे.

याची दुसरी बाजू दक्षिण कोरियात दिसली. इन्वोसा नावाच्या उपचारात टीजीएफ-बीटा तयार करणाऱ्या, जनुक बदललेल्या पेशी गुडघ्यात सोडत. २०१७ मध्ये तिथल्या सरकारने त्याला मान्यता दिली. २०१९ मध्ये तपासणीत कळलं की त्या पेशी कूर्चेच्या नव्हत्याच. मूत्रपिंडापासून बनवलेल्या, प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या पेशी होत्या. विक्री थांबली आणि त्याच वर्षी मान्यता रद्द झाली. पत्र घेऊन कोण येतंय हेच माहीत नसेल, तर पत्रात काय लिहिलंय यावर तरी विश्वास कसा ठेवायचा?

आणि तिसरा प्रकार आपल्या पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेला : पीआरपी. रुग्णाचं रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं, बिंबाणूंनी भरलेला द्रव वेगळा करून गुडघ्यात टोचायचा. बिंबाणूंच्या पिशव्यांत वृद्धिघटक असतात, हे खरं. पण टायलर यांच्या भांड्यातला एक मोजलेला घटक आणि हे मिश्रण यांत फरक आहे. कोणता घटक किती, हे माणसागणिक आणि यंत्रागणिक बदलतं. शिवाय त्याला कूर्चेत धरून ठेवणारं काही नाही. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर झालेली एक नेटकी चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना पीआरपीची तीन इंजेक्शनं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं. दोन्ही गटांतला फरक मात्र लक्षणीय नव्हता, दुखण्यातही नाही आणि कूर्चेच्या आकारमानातही नाही. इतर काही छोट्या चाचण्यांत फायदा दिसला आहे, वाद चालू आहे. पण ‘ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन आहे, कूर्चा परत येईल’ असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर ही चाचणी आठवावी.

भिंतीचाच जिना

आता त्या ऋण भाराकडे परत येऊ. १९६० च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये अ‍ॅलिस मारूदास यांनी कूर्चेकडे रसायनतज्ज्ञाच्या नजरेने बघितलं. १९६८ च्या निबंधात त्यांनी कूर्चा आयन अदलाबदल करणाऱ्या पदार्थासारखी कशी वागते ते मांडलं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात रेझिन असतं ना, काहीसं तसं. ऋण भाराची ही जाळी ऋण कणांना बाहेर ठेवते आणि धन कणांना आत ओढते. पुढे एमआयटीमध्ये अ‍ॅलन ग्रॉडझिन्स्की यांनी १९७० च्या दशकापासून कूर्चेतल्या विद्युतभारांचा असाच चिवट अभ्यास चालवला. तेव्हा औषध पोहोचवणं हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हता. कूर्चा भार कसा पेलते, हे समजून घ्यायचं होतं.

पण त्यातूनच एक विचार पुढे आला. औषधाला धन भार असलेल्या वाहकावर बसवलं तर? बाहेर ठेवणारी भिंतच त्याला आत ओढून घेईल आणि धरूनही ठेवेल.

२०१४ मध्ये अंबिका बाजपेयी, ग्रॉडझिन्स्की आणि सहकाऱ्यांनी हे अ‍ॅव्हिडिनवर तपासलं. अ‍ॅव्हिडिन हे अंड्याच्या पांढऱ्या भागातलं धन भाराचं प्रथिन. ते कूर्चेत पूर्ण खोलीपर्यंत शिरलं आणि टिकून राहिलं. मर्यादाही कळली : वाहक साधारण १० नॅनोमीटरपेक्षा लहान हवा, १५ नॅनोमीटरचे कण वरच्या थरातच अडकतात.

त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने सगळ्यात थेट तुलना मांडली. त्यांनी आयजीएफ-१ ला कूर्चेच्या जाळीला चिकटणारी शेपटी जोडली. झिजेचा आजार घडवलेल्या उंदरांच्या गुडघ्यात एका गटाला साधा आयजीएफ-१ दिला, दुसऱ्याला शेपटीचा. शेपटीच्या रूपाने झीज मंदावली. साध्या रूपाने नाही. घटक तोच, प्राणी तोच, आजार तोच. फरक फक्त धरून राहण्याचा. संपत आणि रेड्डींनी १९८१ मध्ये हाडाबद्दल जे दाखवलं होतं, तेच आता कूर्चेबद्दल सिद्ध झालं.

मग २०१८. एमआयटीच्याच ब्रेट गायगर, पॉला हॅमंड, ग्रॉडझिन्स्की आणि सहकाऱ्यांनी आयजीएफ-१ एका डेंड्रिमरवर बसवला. डेंड्रिमर म्हणजे झाडाच्या फांद्यांसारखा फुटत जाणारा अतिसूक्ष्म रेणू. प्रत्येक फांदीच्या टोकाला धन भार. इथे खुबी प्रमाणाची होती. भार फार असेल तर वाहक पृष्ठभागालाच घट्ट चिकटतो आणि पेशींना विषारीही ठरतो. कमी असेल तर वाहून जातो. म्हणून काही टोकं झाकून त्यांनी भार नेमका बेताचा केला. स्वयंपाकात मीठ घालावं तसं.

हा वाहक गाई-बैलांच्या एक मिलिमीटर जाड कूर्चेतून दोन दिवसांत आरपार पोहोचला. उंदरांचीच कूर्चा वापरली असती तर फसगत झाली असती, कारण ती फारच पातळ असते. उंदरांच्या सांध्यात आयजीएफ-१ टिकण्याचा काळ सुमारे दहापट वाढला आणि तो ३० दिवसांपर्यंत सापडत राहिला. उपचार न केलेल्या उंदरांच्या तुलनेत खराब झालेल्या कूर्चेची रुंदी ६० टक्क्यांनी कमी होती आणि हाडाच्या काट्यांचं आकारमान ८० टक्क्यांनी. काट्यांचा हा आकडा नायमेखेनच्या अनुभवाशेजारी ठेवून बघा. घटक कूर्चेच्या आत राहिला, आणि कडेला काटे वाढण्याऐवजी कमीच झाले.

मिलिमीटर आणि दुखणं

हे सगळं उंदरांचं झालं. माणसाचं काय? माणसांवरची सर्वांत गंभीर परीक्षा दिली ती एफजीएफ-१८ या घटकाने, स्प्रिफर्मिन या नावाने. ५४९ रुग्णांवरच्या चाचणीचे दोन वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दर सहा महिन्यांनी मोठा डोस घेतलेल्यांच्या गुडघ्यातली कूर्चा, नुसतं सलाइन घेतलेल्यांच्या तुलनेत, सरासरी ०.०५ मिलिमीटर जाड निघाली. हंटरच्या निबंधानंतर पावणेतीनशे वर्षांनी इंजेक्शनने माणसाची कूर्चा किंचित का होईना जाड झाल्याचं मोजून दिसलं, ही लहान गोष्ट नाही.

पण रुग्णांच्या दुखण्यात दोन गटांमध्ये लक्षणीय फरक नव्हता. नंतरच्या विश्लेषणात, आजार वाढण्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णांत दुखण्यातही फायद्याची खूण दिसली. पण असं नंतर निवडलेल्या गटातलं निरीक्षण म्हणजे पुढच्या चाचणीचं निमंत्रण, पुरावा नव्हे.

असं का व्हावं? आठवा, कूर्चेत मज्जातंतूच नाहीत. दुखतं ते अस्तरात, हाडात, सांध्याभोवतीच्या ऊतींत. कूर्चा वाचवणं आणि दुखणं थांबवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि रुग्ण येतो तो दुसऱ्या कामासाठी.

शिवाय सगळा दोष पोहोचवण्यावर ढकलणंही बरोबर होणार नाही. इंटरल्यूकिन-१ ला अडवणाऱ्या औषधाचं एकच इंजेक्शन १७० रुग्णांच्या गुडघ्यात देऊन पाहिलं गेलं. २००९ मध्ये निष्कर्ष आले, फायदा दिसला नाही. औषध काही तासांत वाहून गेलं, असं म्हणता आलं असतं. पण पुढे शरीरात दीर्घकाळ राहणारी प्रतिपिंडंही वापरून झाली, तीही निराश करून गेली. भांड्यातली कूर्चा एका निरोपाला घाबरते. माणसाच्या गुडघ्यात अनेक निरोप एकदम चालू असतात, आणि त्यात वजन, जुनी दुखापत, स्नायूंचा अशक्तपणा यांचीही भर पडते.

या इतिहासाने काय शिकवलं?

कूर्चेला टिकवणारी तिची रचनाच, म्हणजे घट्ट, रक्तहीन, भारलेली जाळी, औषधालाही अडवत आली. जोवर संशोधक ‘कोणता घटक’ एवढंच विचारत राहिले, तोवर भांड्यातलं यश गुडघ्यात उतरलं नाही. ‘कुठे, किती वेळ, कशाला धरून’ हे विचारायला लागल्यावर तोच १९५७ चा घटक निदान उंदरात तरी काम करू लागला. आणि त्या उत्तराची किल्ली औषधाच्या शोधात नसलेल्या मंडळींकडून आली : सल्फेट मोजणारे, आयन मोजणारे, हाडाची भुकटी वेगळी करून पुन्हा जोडणारे.

तुमच्या-आमच्या पातळीवर याचा उपयोग असा. गुडघ्यासाठी ‘ग्रोथ फॅक्टर’ या नावाने काही सुचवलं गेलं, तर डॉक्टरांना चार प्रश्न शांतपणे विचारावेत. यात नेमका कोणता घटक आहे आणि किती? तो सांध्यात किती वेळ राहतो? तो कूर्चेत आत जातो असा पुरावा माणसात आहे की प्राण्यात? आणि ज्या चाचणीचा दाखला देता, तिच्यात मिठाच्या पाण्याशी तुलना केली होती का? चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात.

तोवर मांडीचे स्नायू बळकट करणारा नियमित व्यायाम आणि वजनावर ताबा, हा साधा सल्ला पुराव्याच्या दृष्टीने अजूनही भक्कम आहे. सांगायला नीरस वाटतो, पण उपयोगी आहे.

तुमचे प्रश्न लिहून पाठवा, पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू.